लोकांना ट्विस्ट आधीच कळतो? कळू दे की

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही कोपरखैरण्याचे, पहिलीच फिल्म लिहिताय. तीन ठग मिळून नवी मुंबईत उलव्यातला साडेबारा टक्क्यांचा (म्हणजे काय ते पुढे सांगतो) एक प्लॉट खोट्या कागदांवर एका बिल्डरला विकतात, आणि शेवटी कळतं की बिल्डरला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, तो यांच्याहून दोन पावलं पुढे होता. ज्यांना ज्यांना स्क्रिप्ट दिली त्यांनी इंटर्वलच्या आसपासच सांगितलं की हा बिल्डर डबल गेम करतोय, आणि आता तुम्ही विचारताय की त्यावर अजून एक ट्विस्ट चढवू का.

नका चढवू. मी ठाण्यात राहतो, बरीच वर्षं क्राइम सीरियल आणि वेब सीरिजसाठी लिहितोय, हल्ली दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट दुरुस्त करायची कामंच जास्त येतात, आणि त्यात ठगांची गोष्ट असली की नव्वद टक्के वेळा लेखकाने हाच उपाय आधीच करून ठेवलेला असतो. बिल्डर ठग निघाला हे कळलं म्हणून मग ठगांपैकी एक जण बिल्डरचा माणूस, तेही कळलं म्हणून मग तो खरा पोलीस, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत कोण कोणाचा हे लेखकालाही वहीत बघावं लागतं. कुठलीही गोष्ट खोटी निघू शकते हे एकदा प्रेक्षकाला समजलं ना, की तो कशातच जीव गुंतवत नाही. कोणी मेलं तरी तो पॉपकॉर्न खात राहतो, कारण त्याला माहितीये हा उठून बसणारे.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रॉब्लेम ट्विस्ट ओळखला जाण्याचा नाहीये. ट्विस्ट ओळखल्यावर तुमच्या गोष्टीत बघण्यासारखं काही उरत नाही, हा प्रॉब्लेम आहे. दोन्ही वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

आता प्रेक्षक एवढा हुशार का झालाय ते बघा. एक तर फिल्मचं पोस्टरच सांगतं की यात ठग आहेत, म्हणजे माणूस तिकीट काढतानाच ठरवून येतो की मी फसणार नाही. दुसरं, त्याला आता सगळ्या युक्त्या पाठ आहेत. दोन ठग भर चौकात भांडले की भांडण खोटं. बंदूक चालली आणि जरा जास्तच रक्त दिसलं की गोळी खोटी. सावज फारच बावळट वाटतंय, म्हणजे ते बावळट नाही. एखादी मीटिंग सुरू झाली आणि दार बंद होताना सीन कट झाला, म्हणजे आत जे ठरलं ते शेवटी फ्लॅशबॅकमध्ये येणार, वर बॅकग्राउंडला जोरात म्युझिक. आणि मोठा नट छोट्या रोलमध्ये दिसला की मग तर खेळच संपला, एवढा महागडा माणूस चहा द्यायला आणला नसणार. (हे कास्टिंगवाल्यांना सांगा, लेखकाच्या हातात ते नसतं, पण आधी बोलून ठेवावं.) यातल्या बऱ्याच युक्त्या १९७३ च्या ‘द स्टिंग’ या हॉलिवूडच्या ठगांच्या फिल्ममध्ये एकत्र सापडतात, त्यातला एफबीआयचा माणूस खोटा आणि शेवटचा गोळीबारही खोटा, पन्नास वर्षं होऊन गेलीत त्यामुळे स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

पण त्याच फिल्ममध्ये एक गोष्ट आहे जिच्याकडे नव्या लेखकांचं लक्ष जात नाही. हिरोच्या मागे एक मारेकरी लागलेला असतो, काळा हातमोजा घातलेला एक माणूस सारखा त्याच्या मागावर दिसतो, आपल्याला वाटतं हाच तो. प्रत्यक्षात मारेकरी निघते ती जेवणाच्या हॉटेलात काम करणारी बाई, जिच्यासोबत हिरोने रात्र काढलेली असते, आणि हातमोजावाला निघतो हिरोच्या रक्षणासाठी ठेवलेला. या धक्क्याचा मुख्य डावाशी काही संबंध नाही. घोड्यांच्या शर्यतीचा जो बनाव चाललाय त्यात कोण कोणाला फसवतंय हे शोधण्यात तुमचं डोकं गुंतलेलं असतं, आणि फटका तिसरीकडूनच येतो. कबड्डीत चढाई करणारा एका कोपऱ्याला हूल देतो आणि हात लावतो दुसऱ्याला, तसं. म्हणजे प्रेक्षकाला हुशारी करायला एक जागा तुम्हीच काढून द्यायची आणि त्याला तिथे बिझी ठेवायचं.

इथे थोडं खऱ्या ठगांकडे बघू, कारण ते आपल्यापेक्षा चांगले लेखक असतात. डेव्हिड मॉरर नावाच्या एका अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९४० मध्ये ठगांच्या धंद्यावर पुस्तक लिहिलं, मुळात तो त्यांची बोली गोळा करत होता आणि त्यातून त्यांची अख्खी कार्यपद्धत हाती लागली. त्यात एक पायरी अशी आहे की सावजाला आधी थोडं जिंकू द्यायचं. आपल्याकडे आता घराघरात माहितीये ना, टेलिग्रामवर टास्क देतात, व्हिडिओला लाइक करा, दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, मग अजून थोडे येतात, आणि मग माणूस स्वतःहून लाखभर टाकतो. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या ज्वेलरी शोरूमवाल्या स्कीमचं प्रकरण फुटलं तेव्हाही तेच, दर आठवड्याला पैसे येत होते म्हणून तर लोकांनी मावशीला, साडूला, शेजाऱ्याला सगळ्यांना आत ओढलं. पहिले पैसे खरे येतात म्हणून विश्वास बसतो.

आता हेच प्रेक्षकावर करा. त्याला एक ट्विस्ट ओळखू द्या. ओळखू द्या म्हणजे त्याला कळणार नाही असं नाटक करत लपवा, पण लपवणं जरा कच्चं ठेवा, आणि तो ओळखेल तेव्हा तो बरोबर निघू द्या. शेजारच्याला कोपर मारून ‘बघ, मी म्हटलं होतं’ म्हणाला की तो तुमचा झाला. आता त्याला आत्मविश्वास आलाय, पुढचा अंदाज तो याच दिशेने बांधणार. तुमचा बिल्डरवाला ट्विस्ट यासाठी एकदम परफेक्ट आहे, तो फक्त चुकीच्या जागी बसलाय. तो क्लायमॅक्समधून काढा आणि पहिल्या अर्ध्या तासात आणून ठेवा, बिल्डरला माहितीये की कागद खोटे आहेत हे सरळ दाखवून टाका.

मग उरतं काय? मग प्रश्न उरतो, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे: कागद खोटे आहेत हे माहीत असून हा माणूस पैसे का देतोय?

इथे तुमची जागा तुमच्या कामाला येते, आणि तुमच्या स्क्रिप्टवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे की तुम्ही साडेबारा टक्क्यांचा प्लॉट घेतलात आणि तो नुसता ब्रीफकेससारखा वापरलात. तिथे हिऱ्याची पिशवी ठेवली असती तरी चाललं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवी मुंबईसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायची ही योजना, आणि ती काही कोणी खुशीने दिलेली नाही, जानेवारी १९८४ च्या जासई भागातल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलीस गोळीबारात गेलेत. म्हणजे ज्या कागदावर तुमचे ठग चहा सांडतात त्या कागदामागे एवढं सगळं आहे. त्यात वारसांची भली मोठी यादी असते, एक भाऊ पनवेलला, एक बहीण उरणला दिलेली, एकाचं कुलमुखत्यारपत्र, दुसऱ्याचं प्रतिज्ञापत्र, विकायचं तर सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), मूळ मालक आणि नवा घेणारा यांचा त्रिपक्षीय करार. एक सही अडली की सगळं अडलं.

तर समजा बिल्डर खोट्या कागदांवर ठगांना टोकन देतो. मग त्याचा वकील पेपरात जाहीर नोटीस देतो, अमुक प्लॉट आमचे अशील घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवा. खरे वारस हरकत घेतात. बिल्डर म्हणतो अरे बापरे, मी तर फसलो, पण माझ्याकडे करार आहे, आणि तो कोर्टात दावा टाकून लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस रजिस्टर करून ठेवतो. आता तो प्लॉट वादात गेला. वादातला प्लॉट दुसरं कोणी घेणार नाही, बँक कर्ज देणार नाही, आणि खऱ्या मालकिणीला, समजा गव्हाणकडची एखादी म्हातारी आजी, तिला नातवाच्या आजारपणासाठी पैसे आत्ता हवेत. दोन वर्षांनी बिल्डर तिच्याकडे जातो आणि म्हणतो, आजी, मी पण फसलोय, तुम्ही पण अडकलाय, आपसात मिटवून टाकू, आणि निम्म्या भावात प्लॉट घेतो. कोर्टात त्याचे हात स्वच्छ, तो तर कागदोपत्री पीडित आहे.

म्हणजे तुमचे तीन ठग स्वतःला शहाणे समजत होते आणि ते निघाले एका मोठ्या लुटीतलं हत्यार. हा ट्विस्ट ठगांच्या शंभर फिल्म बघितलेल्या माणसालाही सहज ओळखता येणार नाही, कारण तो फिल्मी अनुभवातून येतच नाही, तो तलाठी ऑफिस आणि वकिलाच्या केबिनमधून येतो. प्रेक्षक सिनेमात हुशार आहे, जमिनीच्या व्यवहारात सगळेच हुशार नसतात. (बेलापूरच्या एखाद्या वकिलाला गाठून हे सगळं तपासून घ्या, मी लेखक आहे, वकील नाही, आणि वाशी-नेरूळच्या थिएटरात चार एजंट बसलेले असणारच, ते चूक काढतील.)

पण हे नियम प्रेक्षकाला आधी शिकवायला लागतात, नाहीतर शेवटी तुम्हीच भाषण ठोकत बसाल. शिकवायचं कसं? सीनला दुसरंच काम देऊन. जाहीर नोटीस पहिल्या दहा मिनिटांत दिसू द्या, पण त्या पेपरात वडापाव बांधलाय आणि ठग त्या वडापाववरून भांडतायत, एक जण गंमत म्हणून नोटीस मोठ्याने वाचतो, दुसरा विचारतो हे कोण वाचतं रे, तिसरा म्हणतो ज्याची जमीन जाते तोच वाचत नाही. लोक हसले आणि पुढे गेले. नियम कळला, पण नियम सांगितलाय हे कळलं नाही. जो क्लू नुसता क्लू म्हणून येतो, म्हणजे कॅमेरा त्याच्यावर जरा जास्त थांबतो, तो आजकाल दहावीतलं पोरगंही पकडतं. क्लूला सीनमध्ये दुसरी नोकरी पाहिजे: विनोदाची, भांडणाची, प्रेमाची, काहीही.

अजून एक गोष्ट मला नेहमी खटकते ती फ्लॅशबॅकची. शेवटी ते सगळं परत दाखवतात ना, ‘असं झालं होतं’, आणि त्यात असे सीन असतात जे आधी दाखवलेच नव्हते. ही सरळ चीटिंग आहे आणि प्रेक्षक ती माफ करत नाही, ‘वा’ म्हणेल पण दुसऱ्यांदा बघणार नाही आणि दुसऱ्याला बघ म्हणून सांगणारही नाही. माझी एक साधी टेस्ट आहे. प्रत्येक पात्र खोलीत एकटं असतानाचे सीन काढा आणि तपासा की तेव्हा ते काय करतंय. समोर कोणी नसताना जर तुमचा बिल्डर घाबरलेला दाखवलाय, आणि शेवटी कळतं की तो घाबरलेला नव्हताच, तर मग तो घाबरायचं नाटक कोणासाठी करत होता? कॅमेऱ्यासाठी? तिथे लेखक पकडला जातो. त्यावर उपाय दोनच, एक तर त्याला एकटं ठेवूच नका, नाहीतर त्याच्या घाबरण्याला दोन कारणं ठेवा, पहिल्यांदा बघताना एक लागू पडेल आणि दुसऱ्यांदा बघताना दुसरं. दुसरा उपाय अवघड आहे पण मजा त्यातच आहे.

आता हेही सांगतो की धक्का द्यायलाच पाहिजे असा काही कायदा नाही. हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंद दचकणं, आणि तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं धाकधूक. आपल्याकडे याचं सगळ्यात भारी उदाहरण थ्रिलर नाहीच, ‘अशी ही बनवाबनवी’ आहे, १९८८ ची. पार्वती म्हणजे परशुराम आणि सुधा म्हणजे सुधीर हे आपल्याला पहिल्यापासून माहितीये, अंधारात आहेत त्या घरमालकीण बाई. काही लपवलेलं नाही, तरी आजही टीव्हीवर लागली की अख्खं घर बसतं, कारण आता पकडले जातील, आता पकडले जातील हे चालूच राहतं. ‘खोसला का घोसला’, २००६, तिथेही प्लॉटच आहे, तिथेही नाटकवाले मिळून जमीन हडपणाऱ्याला उलटं फसवतात आणि आपण पूर्ण वेळ त्यांच्या बाजूला बसलेलो असतो. तिथे टेन्शन एकच की श्रीमंत पार्टी बनून बसलेल्या त्या नटाची फाटणार तर नाही ना. तुमची गोष्ट विनोदाकडे झुकणारी असेल तर ट्विस्ट विसराच, प्रेक्षकाला ठगांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवा.

म्हणजे थोडक्यात, तुम्हाला आधी हे ठरवायचंय की प्रेक्षक कोणाबरोबर आहे: ठगांबरोबर, सावजाबरोबर, की बाहेरून बघणाऱ्या तिसऱ्याबरोबर. आत्ता तुमच्या ड्राफ्टमध्ये तो दर दहा पानांनी जागा बदलतो आणि म्हणून तो संशयाने बघायला लागतो, की अरे आत्ता मला इथून का उठवलं? तुमच्या पहिल्या वाचकांनी बिल्डरला पकडलं त्याचं कारणही मला हेच वाटतं. बिल्डरच्या घरचा एकही सीन नाही, आणि बाकी सगळ्यांच्या घरचे आहेत.

१९८७ चं मुंबईतलं ऑपेरा हाऊसचं प्रकरण वाचून काढा, त्यावर फिल्म आलीये पण तुम्ही खरी हकीकत वाचा. एका माणसाने पेपरात नोकरीची जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या, निवडलेल्या पोरांना बसमध्ये घालून १९ मार्चला ऑपेरा हाऊसच्या मोठ्या ज्वेलरकडे सीबीआयची धाड म्हणून नेलं, दागिने आणि रोकड ताब्यात घेतली, पोरांना तिथेच लक्ष ठेवायला बसवलं आणि बॅगा घेऊन निघून गेला, तो आजपर्यंत सापडलेला नाही. यात मला सगळ्यात जबरदस्त काय वाटतं सांगू, धाडीतली बाकी सगळी माणसं खरोखर प्रामाणिक होती. त्यांना वाटत होतं आपल्याला सरकारी नोकरी लागलीये. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा सापडणारच कसा, तो नव्हताच. आता विचार करा, तुमच्या गोष्टीत प्रेक्षक प्रत्येक चेहऱ्यात ठग शोधतोय, आणि डावाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ज्याच्या हातात आहे तो माणूस खरंच साधा आहे, त्याला काही माहीतच नाही. तुमच्या ड्राफ्टमधला तो झेरॉक्सवाला आहे ना, त्याला असा करता येईल. त्याला ठग करू नका, प्लीज.

मॉररच्या पुस्तकातली अजून एक पायरी आपले लेखक कायम खातात, ती म्हणजे पैसे घेतल्यावर सावजाला गप्प कसं करायचं. फिल्म संपते पैसे मिळाल्यावर, ठग गोव्याला. पण प्रेक्षक हुशार आहे म्हणताय ना, मग तो घरी जाताना विचारतोच की हा पोलिसात का नाही गेला. आता तर फोन लावला की सायबर फ्रॉडची कॉलर ट्यून वाजायची, १९३० नंबर लोकांना पाठ झालाय, त्यामुळे ‘त्याने तक्रारच केली नाही’ हे चालत नाही. तुमच्या केसमध्ये उत्तर आयतं आहे, बिल्डर तक्रार करतो, आनंदाने करतो, त्याला ती एफआयआर हवीच असते. आणि तिथे तुमचे ठग पहिल्यांदा गांगरतात, कारण त्यांनी हिशेब केलेला असतो की काळा पैसा दिलेला माणूस पोलिसात जाणार नाही.

मग शेवट काय, तर शेवट आता ‘कोण खोटं बोलतंय’ यावर नाही, ‘कळल्यावर हा काय करतो’ यावर येतो. तुमचा हिरो त्या आजीकडे जाऊन सगळं कबूल करतो का? केलं तर स्वतः आत जातो. नाही केलं तर तिचा प्लॉट जातो. हे मी सांगणार नाही, तुमची गोष्ट आहे, पण एवढं नक्की की इथे कोणी इंटर्वलला पैज लावू शकणार नाही, कारण हे युक्तीवरून ठरत नाही, माणसावरून ठरतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्याही सांगतो. सीरिज असेल आणि आठवड्याला एक एपिसोड येणार असेल तर लोकांना अंदाज बांधायला सात दिवस मिळतात, तिथे मोठा एकच ट्विस्ट टिकत नाही, चर्चेत कोणीतरी ओळखतंच. फिल्म दोन तासांची असते, वेगात बरंच झाकलं जातं. नाटक करायचं म्हणाल, गडकरी रंगायतनला वगैरे, तर तिथे कट मारून लपवता येत नाही, सगळं समोर, पण तिथे हशा आणि टाळी तुमच्या बाजूने काम करते, हसणारा माणूस संशय घेत नाही.

आणि पुढचं रीडिंग करताना लोकांना ‘ओळखलंत का’ असं शेवटी विचारू नका, शेवट कळल्यावर सगळेच म्हणतात ओळखलं होतं. इंटर्वलला वाचन थांबवा, प्रत्येकाला कागद द्या आणि पुढे काय होणार ते लिहून घ्या, एकमेकांशी बोलायच्या आधी. सगळ्यांनी बरोबर तेच लिहिलं तर क्लू उघडे पडलेत. प्रत्येकाने वेगळंच लिहिलं तर गोष्ट धूसर आहे, त्यांना पकडायला काही मिळालंच नाही. सगळ्यांनी एकच लिहिलं आणि ते चूक निघालं, तर तो कागद जपून ठेवा आणि प्रोड्युसरच्या नॅरेशनला घेऊन जा.

नवा ड्राफ्ट झाला की बिल्डरच्या घरचा सीन आधी लिहून बघा, बाकी नंतर. आणि खरा सेक्टर आणि प्लॉट नंबर टाकू नका हां, लोक खरंच जाऊन बघतात, आणि त्या प्लॉटवर कोणाचं तरी घर असतं.